रक्तानं औषध ओळखलं

चि. निवृत्तीस अक्काचा आशीर्वाद.

फोनवर आवाज तुटतो, म्हणून लिहायले. चाकूरला टँकर येतो का? आपल्याकडं नवा जिल्हा करायची बोलणी चाललीत म्हणे; तो होवो न होवो, आईला घागर उचलू देऊ नको.

माझे सांधे बरे हायेत. हैदराबादच्या या दवाखान्यात नवं औषध टोचून बघायलेत. ते अंगाला चालतं का, म्हणून सारखं रक्त तपासतात.

काल मराठी येणारी नर्स म्हणाली, "अक्का, तुमच्या रक्तानं औषध ओळखलं." मला लई आनंद झाला. ओळख पटली म्हणजे चांगलंच की! खोलीतल्या बायकांना चहा पाजला.

आज सगळ्याजणींना सुई दिली, मला न्हाई. "आराम करा," म्हणे. लई गोड बोलायलेत.

निवृत्ती, ओळखलं ते आपलं म्हणून, का परकं म्हणून?

तुझी सरजाक्का