पस्तीसची की लांबची?

४ सप्टेंबर, गुरुवार

पार्कात मला फोटो काढायला शिकवणाऱ्या मोरेश्वररावांचा कॅमेरा आज परत दिला. उसना कॅमेरा माणसानं किती दिवस वापरावा? पार्कातली बदकं आता त्यांना सोडून माझ्याकडं बघायला लागली होती. म्हणाले, "वहिनी, आता स्वतःचा घ्या." मी म्हटलं, "घेते की. मग तुमच्याकडं यायला मला कारण काय राहणार?" लाल झाले बिचारे. नागपूरचा माणूस, बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली, नोकरीतून रिटायर झाला, पण अजून लाजता येतं.

जेवताना सत्यजितला सांगितलं. "आई, डीएसएलआर आता कोण घेतं? मिररलेस घे. नाहीतर फोन आहे की."

मी म्हटलं, मिररलेसला डोळा लावला की आत टीव्ही दिसतो. टीव्ही बघायला मला भोक कशाला? मला आरशाचा हवा. समोरचं माणूस आहे तसं दिसतं, आणि बटण दाबलं की खटॅक वाजतं. फोनला कुणी भीत नाही. खटॅक ऐकलं की माणूस पोट आत घेतो.

निधी इतकी हसली की तिनंच पोट धरलं. मग नवऱ्याचा चेहरा बघून थांबली.

सहावा चाललाय तिला. आधी दोनदा गेलंय. या घरात तिच्या पोटाकडं कुणी नीट बघत नाही, बघितलं तर फुटेल असं.

६ सप्टेंबर, शनिवार

डोहाळजेवण ठरलं. अकरा ऑक्टोबर. ओक ट्री रोड, म्हणजे परदेशातला आपल्या लोकांचा बाजार, त्याच्या मागं एक छोटा हॉल आहे, तो. निधीची आई, सुहासिनीताई, पुण्याहून येऊन उतरल्यात, बाळंतपण होईपर्यंत. बॅगेतून हिरवी साडी निघाली, चांदीची वाटी निघाली, स्वतःचा चहाचा मसाला निघाला. आमच्या घरचा चहा त्या "चालेल" म्हणून पितात.

ओटी कोण कोण भरणार, नावं काढत होते. पहिली ओटी सासूची. माझं नाव कुणी घेतलं नाही. नको असंही कुणी म्हटलं नाही. सगळ्यांनी चहा प्यायला.

मला निधीची ओटी भरायचीय. एवढंच. नारळ, तांदूळ, खण, माझ्या हातानं तिच्या पदरात. नवरा गेला म्हणून माझे हात झडले का? मी टिकली लावते, हिरव्या बांगड्या घालते. तिकडं गावातल्या बायका बोलून बोलून दमल्या, मग त्यातल्याच दोघी माझ्याकडं टिकलीचं पाकीट मागायला आल्या. माझा यातल्या कशावर विश्वास नाही. पण माझा नसून काय उपयोग.

११ सप्टेंबर, गुरुवार

मोरेश्वररावांबरोबर कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. पितृपंधरवडा चालू, निघताना सुहासिनीताई दारात म्हणाल्या, "या दिवसांत नवीन काही घेत नाहीत हो." मी म्हटलं, "नवीन नाहीच, सेकंडहँड आहे. आणि आमच्या ह्यांना कॅमेऱ्याची फार हौस. आलेच असतील इकडं तर तेही बघतील." मोरेश्वरराव गाडी चालवताना अधूनमधून आरशातून मागच्या रिकाम्या सीटकडं बघत होते.

दुकानात कपाटं भरून लेन्सा. मोरेश्वरराव म्हणतात, बॉडी काय, आज आहे उद्या बिघडेल, लेन्स मात्र जन्माची. लग्न जमवत असल्यासारखं बोलतात. एक हातात दिली, पस्तीस मिलिमीटरची. बुटकी, मूठभर. तिच्यात झूमच नाही. माणूस मोठं दिसायला हवं तर आपण उठून त्याच्यापाशी जायचं. मी मोरेश्वररावांचाच फोटो काढायला गेले. जवळ, आणखी जवळ. नाकातले केस दिसायला लागले तेव्हा म्हणाले, "वहिनी, पुरे."

दुसरी लांबची. सत्तर ते तीनशे. नळकांडंच ते. दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या पिझ्झावाल्याची मिशी दिसली, तीत अडकलेलं चीज पण दिसलं. पण आत वळवली तर सगळं काळं आणि हललेलं. तिला उजेड फार लागतो. "मैदानातली लेन्स आहे ही, पक्ष्यांची," मोरेश्वरराव म्हणाले. "हॉलमध्ये हिचं काय काम?"

पस्तीसची घेणार. ठरलं माझं. ती लावली की मला पुढं जावंच लागेल, निधीच्या चौरंगापर्यंत. फोटो काढणाऱ्या बाईला कोण म्हणेल मागं सर? आणि एकदा तिथवर पोचले की नारळ उचलायला कितीसा वेळ लागतो.

कॅमेरा बाजूला काढून ठेवायला सांगितला. पंधरवडा संपला की आणू, सुहासिनीताईंच्या जिवाला घोर नको.

१४ सप्टेंबर, रविवार

पाळणा आलाय. गॅरेजमध्ये खोक्यातच आहे. मी कात्री घेऊन गेले तर सत्यजित धावत आला. "आई, उघडू नकोस. निधीला नको वाटतं आत्ताच."

मी म्हटलं, "इंजिनिअरचं घर ना रे हे?"

हसला नाही. खोक्यावर चादर टाकली आणि चारी बाजूंनी खोचली.

मागच्या वेळी खोली रंगवून ठेवली होती. आता तिथं त्याचं ऑफिस आहे. भिंती पिवळ्याच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

भाजी आणायला सत्यजित आज मलाच घेऊन गेला, तेव्हाच कळलं काहीतरी आहे. पार्किंगमध्ये गाडी बंद केली आणि उतरेना. स्टिअरिंगवर नख घासत बसला. शाळेत गणितात नापास झाला की असाच बसायचा.

"आई, त्या दिवशी फोटो तू काढ ना सगळे. म्हणजे, ओटीचं वगैरे... निधीला जरा भीती वाटते. मागच्या दोन्ही वेळचं डोक्यात आहे ना. एरवी ती मानत नाही. पण या वेळी म्हणते, रिस्क नको."

रिस्क म्हणजे मी.

मी म्हटलं, "ती म्हणाली असं?"

"तू तिला विचारू नकोस प्लीज. रडेल ती. तुला स्वतःहून कधीच नाही बोलणार."

मग म्हणाला, "ती लांबची लेन्स मी घेऊन देतो तुला. मागच्या भिंतीपाशी उभी राहिलीस तरी सगळं येईल."

मी म्हटलं, "भिंतीच्या पलीकडून येत असेल तर बघ. पार्किंगमध्ये उभी राहते. नाहीतर आणखी लांबची मिळाली तर घरूनच काढते, डबा तेवढा पाठवा."

"आई, प्लीज."

त्याच्या डोळ्यांत पाणी. कोथिंबीर घेतली, पालक घेतला. पालक जून निघाला.

२० सप्टेंबर, शनिवार

निधीवर राग धरून बघितला. धरता येत नाही. दोनदा हॉस्पिटलातून रिकाम्या हातानं आलेली पोर. तिच्या जागी मी असते तर मीही दार लावून घेतलं असतं.

सकाळी माझ्यासाठी चहा घेऊन आली. "आई, बरं नाही का?" म्हणाली. कपाळाला हात लावून बघितला. एवढं सगळं मनात ठेवून ही मुलगी माझ्या कपाळाला हात लावते. मी डोळे मिटून घेतले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आणली. लांबची.

मोरेश्वरराव दुकानातच भांडले. "अहो, हॉलच्या उजेडात? इतके दिवस शिकवलं ते काय मग?"

"मला पक्षी काढायचेत."

"डोहाळजेवणात कुठले पक्षी?"

"सुहासिनीताई."

हसले, पण मान हलवत राहिले. "तुमचं काहीतरी बिनसलंय," म्हणाले. मी म्हटलं, वय बिनसलंय. दुकानदारानं पस्तीसचीला पुढचं झाकण लावलं, मागचं लावलं, आणि परत कपाटात ठेवली. दुसरं कुणीतरी नेईल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बॅकयार्डच्या टोकाला उभं राहून सराव केला. किचनच्या खिडकीत निधी चपात्या लाटत होती. लेन्स फिरवत फिरवत तिच्यापाशी गेले. कपाळावर पीठ लागलेलं, ओठांत काहीतरी गुणगुणणं. इतकी जवळ आली की पीठ पुसायला माझा हात पुढं गेला. हाताला नुसती थंड हवा लागली.

फोटो हलला.

१ ऑक्टोबर, बुधवार

कॅमेरा जड आहे. पाठ दुखते. पार्कात गेले नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सुहासिनीताईंनी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी काय नेसणार?"

मी म्हटलं, "फोटोवाल्यांना इथं युनिफॉर्म असतो. काळी पँट."

"अगं बाई. पँट?"

आठवड्यात तेवढंच एक हसू आलं मला. त्यांनी खरंच मानलं होतं. हातातली लसूण सोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला ज्यात बरं वाटेल तसं करा हो. कुणी आग्रह करणार नाही."

माझ्या बरं वाटण्याची या घरात सगळ्यांना लई काळजी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

खण आणला होता मी ऑगस्टमध्येच, ओक ट्री रोडवरून. हिरवा, मोरपंखी काठ. सुहासिनीताईंच्या ओटीच्या सामानात गुपचूप ठेवून आले. ज्याच्या हातानं जायचा त्याच्या हातानं जाऊ दे.

१२ ऑक्टोबर, रविवार

झालं एकदाचं काल.

पँट नाही घातली. निळी साडी नेसले, कॅमेरा गळ्यात, आणि गेले त्या मागच्या भिंतीपाशी. समोशांच्या ट्रेजवळ. बायका येऊन म्हणत होत्या, "वा काकू, प्रोफेशनल दिसताय." एकीनं मला रिकामी प्लेट दिली, तिला वाटलं मी केटररची.

निधी हिरव्या साडीत, फुलांच्या वाकी, फुलांचा कंबरपट्टा. लेन्समधून तिच्या कानामागचा तीळ दिसत होता. त्या हॉलमध्ये तिला माझ्याइतकं जवळून कुणीच बघत नव्हतं. आणि सगळ्यात लांब मीच.

ओटीची वेळ झाली. सुहासिनीताई नारळ घेऊन उभ्या राहिल्या, आणि तशाच उभ्या. निधी हातानं त्यांना थांब थांब करत होती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मुहूर्त असेल काहीतरी, पुण्याचे लोक. मग सत्यजित वाकला, निधीच्या कानाशी काहीतरी बोलला. निधीनं मान वर करून सगळ्या हॉलभर बघितलं. मग पदर पसरला. सुहासिनीताईंनी ओटी भरली. माझा खण वरच होता.

मी बटण दाबत होते. खटॅक, खटॅक. एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाणार.

पेढा-बर्फीच्या वाट्या झाल्या. मुलगी आहे हे इथल्या डॉक्टरनं केव्हाच सांगितलंय, सगळ्यांना ठाऊक आहे, तरी बर्फीची वाटी उघडली तेव्हा छप्पर उडेल असा गोंधळ. सत्यजित मात्र हसताना पण खुर्चीच्या लाकडाला बोट लावून होता.

जेवण चांगलं होतं म्हणतात. मला चव लागली नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मोरेश्वररावांना फोटो दाखवले. "वहिनी, सगळे हललेत हो. आणि उजेड कमी पडून रव्यासारखे दाणे किती आलेत."

"हॉलच हलत होता."

"मी म्हटलं होतं, पस्तीसची घ्या."

"म्हटलं होतंत."

मग चष्मा वर करून म्हणाले, "पण सूनबाईंचं कौतुक आहे. ओटीच्या प्रत्येक फोटोत बरोबर लेन्सकडं बघतायत. इतक्या लांबून."

मी म्हटलं, "हौस आहे तिला फोटोची."

कॅमेरा विकून टाका म्हटलं त्यांना. घेतील का परत, विचारून बघतो म्हणाले. मग म्हणाले, "आज मला चिडवलं नाहीत तुम्ही." जाताना दारात उगाच थांबले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

निधी सोफ्यावर फोटो बघत बसली होती. सत्यजित किचनमध्ये भांडी लावत होता. ती म्हणाली, "आई, एक विचारू? मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पहिली ओटी तुमच्या हातची. ओटीच्या वेळी पण माझ्या आईला थांबवून धरलं होतं, वाटलं तुम्ही येताय. पण सत्यजित म्हणाला, तुम्हालाच नकोय. तुम्ही हे सगळं मानता, आग्रह केला तर दुखावाल. खरंच मानता का हो तुम्ही?"

किचनमधला भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "हो गं. मानते मी."