भिंतीलगतची डिस्क

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, एक फुगलेली पिशवी आणि नवी नोकरी, एवढं सगळं घेऊन आत्याच्या दारात उभी राहिले, तर आत्याने पिशवी हिसकावून घेतली आणि मला दारातच कुशीत ओढलं. लहानपणी ती मला चिमणी म्हणायची, अजूनही म्हणते. कार्यालयातल्या कंप्युटर विभागात उद्यापासून रुजू व्हायचंय. खोली मिळेपर्यंत कशाला, कायमचीच इथे राहा, असा तिचा हट्ट. फोनवरही हेच चाललं होतं महिनाभर.

घर छोटं, पण नीटनेटकं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आत्याची खोली, दादाची खोली आणि मला मिळालेली टीचभर खोली, जिची खिडकी पलीकडच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून उभी आहे. पण पलंग मऊ आणि चादर कोरी. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. जाड चष्मा लावून लोकांच्या लग्नांचे, वाढदिवसांचे व्हिडिओ जोडून, सजवून देतो. सगळं काम घरूनच. त्याने माझ्या बॅगा एका हातात उचलल्या आणि विचारलं की यात दगड भरलेत की अक्कल. मी म्हटलं, अक्कल असती तर इतकं सामान आणलं असतं का? तिघंही हसलो. मला हे घर आवडलं.

बुधवार, ५ तारीख

दादाचा खजिना बघितला. त्याच्या खोलीतल्या कपाटात, आत्याच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर, लोखंडी पेटी स्क्रूने बसवलेली आहे. आत घरगुती सर्व्हर आणि चार हार्ड डिस्क. त्याचं सगळं काम त्यात. गेले काही महिने यातली एक डिस्क मधूनच गायब होते, सर्व्हरला दिसतच नाही. मग चालू असलेलं काम अडकतं, कधी तर जोडलेला व्हिडिओ पुरता वाया जातो. दोन माणसांना दाखवून झालं. ‘डिस्क बदला’ म्हणाले, बदलली. ‘सर्व्हर बदला’ म्हणाले, तोही बदलला. पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मी बाह्या सरसावल्या. सर्व्हरच्या नोंदी उघडल्या तर डिस्कशी संपर्क तुटला, पुन्हा जोडला, पुन्हा तुटला, असंच. माहिती वाटेत खराब होत होती. याचा अर्थ बहुतेक वेळा केबल. केबल नवी घातली, टोकं साफ केली, सगळं घट्ट बसवलं. दादाने पाठ थोपटली. इतकी जोरात की मी पुढे झुकले.

रविवार, ९ तारीख

परत! तीच जागा, भिंतीकडून पहिली. मी पोर्ट बदललं, वीजपुरवठ्याचा डबा बदलला. आणि एक युक्ती केली: डिस्क गेली रे गेली की माझ्या फोनवर निरोप यावा. आता कार्यालयात बसूनही कळेल.

आत्याचं मनगट सुजलंय. न्हाणीघरात घसरली म्हणते. मी पट्टी बांधत असताना तिने अचानक विचारलं, हे यंत्र खरंच बरं होईल का गं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण विचारताना आवाज कापत होता. ते बंद पडलं की दादाचं डोकं फिरतं, एवढंच म्हणाली आणि ताट घ्यायला उठली.

बुधवार, १२ तारीख

आज डिस्कची अदलाबदल केली. भिंतीकडची शेवटी, शेवटची भिंतीकडे. चूक डिस्कबरोबर गेली नाही, जागेवरच राहिली. म्हणजे डिस्क निर्दोष, केबल निर्दोष. भिंतीला चिकटून जे असेल, ते जातं.

पेटीवर पांढरी पूड होती. परवा तर मी पुसली होती. बघितलं तर पेटीचे स्क्रू भिंतीतून ढिले झालेत, भोकं रुंदावलीत, त्यातून चुना झडतोय. कशाने तरी भिंत हलते. मी दादाला विचारलं की शेजारी ठोकाठोक चालते का. त्याने पेटीचं लोखंडी दार लावून टाकलं. मग म्हणाला, असेल.

शुक्रवार, १४ तारीख

दुपारी कामात असताना फोन थरथरला. डिस्क गेली. आली. लगेच पुन्हा गेली. टेबलावर फोन असा नाचत होता की शेजारच्या टेबलावरच्या बाई चिडवू लागल्या, कोण एवढी आठवण काढतंय म्हणून. मी घरी फोन लावला. दादाने उचलला, धापा टाकत होता. सगळं ठीक आहे, जिना चढून आलोय, म्हणाला.

येताना आत्याचं मलम घ्यायला औषधाच्या दुकानात थांबले. औषधवाल्याने मलम देता देता विचारलं, तुमच्या घरात जिने फार आहेत का हो? बाई सारख्या जिन्यावरून पडतात म्हणून विचारलं.

आमच्याकडे लिफ्ट आहे.

रविवार, १६ तारीख

आज दुपारी पेटीशी बसले होते. दादाचा तासाभराचा व्हिडिओ वाया गेला होता, तो शिव्या देत खोलीबाहेर गेला. मी पेटीवर हात ठेवून भिंतीकडच्या डिस्कचा दिवा बघत होते. आणि हाताला धक्का जाणवला. भिंतीपलीकडून. धप्प. दिवा विझला. धप्प. पेटी कण्हल्यासारखी वाजली. मग एक बारीक आवाज, मांजराच्या पिल्लाला कोणी पायाखाली दाबावं तसा.

धावत गेले. आत्याच्या खोलीचं दार लावलेलं. मी थापा मारल्या तेव्हा दादाने उघडलं. पलंग सरकवत होतो, भिंतीला लागला, म्हणाला. आत्या पलंगावर, पदर तोंडाला लावून. पदरावर लाल. तीही म्हणाली, पलंगच गं.

आता कळलं. डिस्क जाते, काम बुडतं, हा पिसाळतो, तिचं डोकं भिंतीवर आपटतो, भिंत हलते, डिस्क पुन्हा जाते. आधी कोंबडी की आधी अंडं.

मला दुसरं काहीच सुचलं नाही. पेटी भिंतीवरून काढली. बाहेरच्या खोलीत जाड टेबलावर ठेवली, खाली रबर घातलं, वर फोम गुंडाळला. हे थांबलं की ते थांबेल.

गुरुवार, २० तारीख

एकही चूक नाही! फोन गप्प. दादा शीळ घालतोय. माझ्यासाठी नवा कोरा पेचकसांचा संच घेऊन आला, वर म्हणाला की घरात एक तरी माणूस कामाचं आहे. आत्या हसली. मी रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं. इतकी सोपी गोष्ट होती.

शुक्रवार, २१ तारीख

कार्यालय अर्ध्या दिवसाने सुटलं. किल्लीने दार उघडलं.

बाहेरच्या खोलीत सर्व्हरचे चारही दिवे हिरवे. सगळं व्यवस्थित. आणि आतून आवाज. धप्प. धप्प. घाई नाही, राग नाही, खिळा ठोकावा तसा.

दार उघडंच होतं. त्याने आत्याला अंबाड्याला धरलं होतं. कानांवरचे हेडफोन गळ्यात, त्यातून गाणं ऐकू येत होतं. कपाळ भिंतीवर नेऊन आपटायचा, मागे घ्यायचा, बघायचा. भिंतीवर ओला डाग, त्याला केस चिकटलेले. आत्या ओरडत नव्हती. आपटण्याआधी डोळे मिटून घेत होती, फक्त.

मला बघून त्याने तिला सोडलं. लवकर आलीस, म्हणाला. चहा टाक.

यंत्र बरं झालं होतं. यंत्राचा काही संबंधच नव्हता. मी फोम गुंडाळला म्हणून मला कळेनासं झालं, एवढंच.

शनिवार, २२ तारीख

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लागत नाही.

सकाळी त्याला सांगितलं. यंत्रात दोष नाही, तुझ्या हातात आहे. पुन्हा हात लावलास तर पोलिसांना फोन करीन. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, दाखव बरं पेटीत काय काय बदललंस. मी हात आत घातला. त्याने पेटीचं लोखंडी दार लावलं. पाय देऊन.

तीन बोटं. आवाज ऐकला मी. वाळक्या फांदीसारखा.

दवाखान्यात तोच घेऊन गेला. माझ्या खांद्यावर हात. वाऱ्याने दार लागलं, डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हटलं. का म्हटलं? खांद्यावरची बोटं रुतत होती. आणि आत्या घरात एकटी होती.

सोमवार, २४ तारीख

तो बाहेर गेलाय, व्हिडिओ पोचवायला.

आत्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघू. दोघी. ती हो म्हणाली. तिची पिशवी मी भरली. माझा फोन तिने मागितला, रिक्षा बोलवते म्हणाली. मी कपडे घ्यायला खोलीत आले.

बाहेरून कडी लागली.

आत्या, कडी का—

दारापलीकडून बोलतेय ती. हळू, समजावल्यासारखी. त्याला सगळं सांगितलंय फोनवर. रागावू नकोस चिमणे. तू आल्यापासून दोन-चार दिवस तरी मला झोप मिळाली. म्हातारीची हाडं आता जुळत नाहीत गं. तू तरुण आहेस. हात डोक्यावर घे, पोट सांभाळ, उलट बोलू नकोस, लवकर आटपतं.

मी दार लाथाडलं. खांदा मारला. खिडकीसमोर भिंत. ओरडले. पलीकडे कुणीतरी खिडकी लावून घेतली.

लिफ्ट वाजली.

आलाय. आत्या त्याला पाणी देतेय. आधी दोन घास खाऊन घे म्हणतेय. नको म्हणाला.

पट्टा काढल्याचा आवाज

पेचकस आहे. मांडीवर. डाव्या हाताने नीट धरता येत नाही—

कडी सरकतेय. आत्या त्याला म्हणतेय, बाळा, चष्मा काढून ठेव आधी, उगीच तुझ्या डोळ्याला—