रामटेकच्या तांदळाची बॅग

नागपूर, रविवार, संध्याकाळ

स्वातीला आज स्वतःची वेणी घालता आली नाही. विमानात एअर होस्टेस आहे पोरगी, दोन दिवसांच्या सुट्टीवर आली आहे. उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. शेवटी तिच्या आईनेच घातली.

"काहून वं, काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही बाबा. विमानात लोकांच्या बॅगा वर ठेवू ठेवू खांदा गेला. आम्हा सगळ्या पोरींचं असंच आहे. ऑफिसले सांगतलं तर विमानावरून काढतील, म्हणून गोळ्या खाऊन राहिली मी."

आणि मी मोहल्लाभर सांगत फिरतो, पोरीची नोकरी आरामाची, एसीतली!

तेव्हापासून ती बॅग डोक्यातून जात नाही. मागच्या वर्षी हैदराबादला तिच्याकडे गेलो, तेव्हाची. मोठ्या सामानाचं वजन जास्त भरेल म्हणून रामटेकचा सगळा तांदूळ मी हातातल्या बॅगेत कोंबला होता. विमानात स्वातीच्याच वयाच्या एका पोरीनं ती बॅग उचलून वर ठेवली. ठेवताना तिनं ओठ घट्ट दाबले होते. मी ते पाहिलं होतं की आज आठवतं आहे? पाहिलंच होतं.

तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पोतं घेऊन चढणाऱ्या प्रत्येकावर ओरडायचो, "आपलं सामान आपण चढवा न गा!"

माझी बॅग ती पोरगी चढवत होती, तेव्हा मी पट्टा बांधून बसून होतो.