उत्तराचा काटा

सोमवार, ६

माझं आयुष्य नेमकं कधी पालटलं ते लिहून ठेवतो, पुढे कुणी विचारलं तर चाचपडायला नको. आज सकाळी तिच्या वडिलांनी माझ्या हातात दात घासायचा ब्रश दिला आणि म्हणाले, उद्यापासून कशाला, आत्ताच लाग. तोच तो क्षण.

ते निवृत्त दंतवैद्य. अख्खी गल्ली त्यांना कप्तान म्हणते, पण गृहस्थांना पोहता येत नाही आणि होडीत बसले की उलटी होते. घराखालचा दवाखाना बंद केला आणि तिथे दोन्ही महायुद्धांतलं सामान भरलं. भिंतीवर विषारी वायूचे मुखवटे, लोखंडी शिरस्त्राणं, तोफगोळ्यांची पितळी नळकांडी, जहाजाची घंटा, नाविकांच्या फितीवाल्या टोप्या. दात काढायची खुर्ची अजून तिथेच आहे, तिच्या उशाला एक शिरस्त्राण ठेवलंय. बघून वाटतं, कुणीतरी 'आ' करून बसलंय.

माझं काम या सगळ्याची साफसफाई. दाताच्या कोरणीने गंज काढायचा, ब्रशने झाडायचं, पण चकाकवायचं नाही. कप्तानांचं म्हणणं, कीड काढायची, दात नाही.

खोलीतून घरात जायच्या जिन्याला त्यांनी मोडीत काढलेल्या युद्धनौकेचं लोखंडी दार बसवलंय. पाणी आत शिरू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी खिट्ट्या. आत्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, म्हणतात की चोर आलाच तर दार उघडता उघडता म्हातारा होईल. मी कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडल्याचं त्यांना कळलंय, त्यामुळे माझं नाव पडलंय 'अर्धे'. अहो अर्धे, चहा पूर्ण घेणार का?

हसून घेतलं. एरवी कुणी असं बोललं असतं तर वाजलं असतं. प्राध्यापकाशी वाजलं म्हणून तर कॉलेज सुटलं. पण इथे ती आहे. वसतिगृहाच्या जिन्यात माझी ट्रंक अडकली होती तेव्हा खालून आवाज आला, थांब, मी घेते. मग ट्रंकेचं दुसरं टोक उचललं गेलं आणि माझं काळीजही. रस्त्यात कुणाच्या हातात जड पिशवी दिसली की तिला राहवतच नाही. बापाला मी कामाचा वाटलो की पुढचं बोलणं काढायचं, असं आमचं ठरलंय.

गुरुवार, ९

आज कप्तानांनी खजिन्यातला राजा दाखवला. कमरेएवढा पितळी खांब, त्यावर गोल तबकडी, बाजूला दांडा. युद्धनौकेच्या वरच्या मजल्यावरून खाली इंजिनाच्या खोलीला हुकूम द्यायचं यंत्र. दांडा 'सावकाश पुढे' वर नेला की खाली घंटा वाजते, खालचा माणूस आपला दांडा त्याच शब्दावर आणतो, आणि वरच्या तबकडीवर दुसरा काटा फिरून तिथेच येतो. एक काटा हुकमाचा, एक उत्तराचा. सांगितलं, आणि ऐकलं.

बोट बुडाली महायुद्धात. खूप वर्षांनी एका कोळ्याच्या जाळ्यात हा खांब वर आला. दोन्ही काटे 'पूर्ण वेगाने पुढे' वर गंजून घट्ट बसलेले. कप्तान म्हणतात, किंमत त्या गंजाचीच. त्या बोटीच्या कप्तानाचा शेवटचा हुकूम आणि खालच्यांचं शेवटचं उत्तर. दांडा तसूभर हलला तर उरेल नुसतं पितळ.

मग त्यांना रंग चढला. खालच्या खोलीत उकाडा इतका की लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटावी. आभाळ नाही, समुद्र नाही, जगाची खबर फक्त त्या तबकडीवरून. पाळी बदलायची त्यांची रीत अशी की नवा माणूस येऊन तोंडाने 'मी घेतलं' म्हणेपर्यंत जुन्याने जागा सोडायची नाही. आग लागली तरी. या बोटीवर पाणी शिरलं तेव्हा ती आणखी थोडा वेळ तरंगावी म्हणून वरच्यांनी अशीच लोखंडी दारं लावून घेतली. त्यांची बदली आली नाही. तबकडीच्या टोकाचा 'काम संपले' हा हुकूमही आला नाही.

ती खुर्चीत पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. डोळे भरले होते तिचे. म्हणाली, बाबा, कुणीतरी त्यांना झालं, या आता वर, असं म्हणायला हवं होतं. कप्तान हसले, आता कोण म्हणणार पोरी!

दिवसभर ते डोळेच दिसत होते मला.

शनिवार, ११

डोकं अजून तापलेलंच आहे.

दुपारी मी विषय काढला. अगदी सभ्यपणे. कप्तान कोरणी पुसत म्हणाले की मुलगा वाईट नाहीस, पण तुला सगळंच अर्ध्यात सोडायची सवय आहे, आणि संसार अर्ध्यात सोडता येत नाही. आत्यांनी वरून फोडणी दिली की अर्ध्यांना अर्धी मुलगी कुठून आणायची. ती खाली मान घालून बसली.

सगळे वर जेवायला गेले आणि माझी सटकली. गंजाला मुलीपेक्षा जपणारा माणूस मला शिकवणार! तेलाची बुधली घेतली, दांड्याच्या सांध्यात ओतली, लाकडी हातोडीने ठोकलं आणि दोन्ही हातांनी असा ओढला की करकरत, खपल्या उडवत सुटला. नेला थेट टोकाला. 'काम संपले'. तिलाच हवं होतं ना? घ्या.

घंटा वाजली. खणखणीत. खांबातल्या त्या घंटेचा लोलक केव्हाच गंजून गळालाय, मीच कोरून साफ केली होती.

आणि मग उत्तराचा काटा फिरला. हळूच आला. माझ्या काट्याखाली येऊन थांबला.

रविवार, १२

सांगून टाकलं. कप्तान ओरडले नाहीत, खुर्चीत बसले फक्त. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग विचारलं की उत्तराचा काटा कुणी हलवला. मी म्हटलं, आपोआप. त्यांनी खांबाची मागची झडप उघडून विजेरी धरली. आत साखळी नाही, तार नाही. वाळलेले शिंपले फक्त.

काम सोडून जा म्हणाले नाहीत. ती जिन्यात भेटली तेव्हा माझा हात दाबून म्हणाली की बरं केलंस. तेवढ्यावर आजचा दिवस गोड झाला.

मंगळवार, १४

लोखंडी दार कोमट लागतंय. उन्हाने म्हणावं तर खोलीत ऊन येत नाही.

जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे. अनवाणी, तेलकट, मोठाले. आत्यांनी मलाच धरलं, अर्धे, पाय पुसणं तरी पूर्ण करत जा. मी बूट दाखवले. मग दोघांनी मिळून फरशी पुसली. पुसताना माझ्या लक्षात आलं, त्यांच्याही आलं असावं. सगळे ठसे वर गेलेले. खाली आलेला एकही नाही.

बुधवार, १५

कप्तानांनी दांडा मागे ओढून पाहिला. 'सावकाश मागे'. 'थांबा'. 'सावकाश पुढे'. घंटा दर वेळी वाजते. उत्तराचा काटा 'काम संपले' वरच. हलत नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, खाली उत्तर द्यायला कुणी उरलंच नाही रे.

म्हणजे सगळे वर आलेत.

काही करत नाहीत ते. मागे उभे राहतात. आत्या मोरीपाशी असल्या की मागे कुणीतरी, वळलं की नाही. माझ्या मागे आहे एक. मानेवर ऊन ऊन श्वास. कॉलर भिजते. काल मी उलटून हात उगारला, शिव्या दिल्या. आता नाही. त्याला मारायचं नाहीये, पळवायचं नाहीये. वाट बघतोय नुसता. काम संपलं हे त्यांना कळलंय, पण जागा कुणी घेतली नाही. बदली हवी आहे त्यांना.

तिला सांगू नका म्हणालो. पण तिच्याही मागे असणारच ना—

गुरुवार, १६

सकाळी ती हसत खाली आली. तिच्या मागे उभा राहणाऱ्याला तिने पाहिलं म्हणे. चहा ठेवताना वळली तर म्हातारासा माणूस, भुवया जळालेल्या, हातात टोपी, खाली बघत उभा. इतका दमलेला की तिला भीती वाटायचीच राहिली. म्हणाली, जा बाबा आता, मी घेतलं. तो गेला. त्याच्या मागून सगळे गेले, जिन्यावर कितीतरी पावलं वाजली. मग शांत.

खरंच शांत होतं. मान कोरडी. आत्या चक्क गुणगुणत होत्या. कप्तान लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले.

आणि मग, ती दूध तापवायला वर गेल्यावर, हे झालं. घात झाला तो कप्तानांच्या सवयीने. वस्तू मूळ जागी, मूळ स्थितीत हवी. जाता जाता त्यांनी दांडा मुळात होता तिथे नेऊन ठेवला. 'पूर्ण वेगाने पुढे'.

घंटा. आणि लगेच उत्तराचा काटा फिरला. झटकन.

वर भांडं पडलं. आम्ही धावलो. ती स्वयंपाकघरात उभी, पायाशी दूध सांडलेलं. उजवा हात हवेत. मूठ आवळलेली, काहीतरी ढकलून पुढे नेल्यासारखी.

म्हणाली, उत्तर दिलं बाबा.

शुक्रवार, १७

दांडा पुन्हा जाम. तेल, हातोडी, मी लोंबकळलोसुद्धा. नाही हलत. जसा सापडला तसा.

तिच्या तळव्यांना फोड. बसत नाही, निजत नाही. लोखंडी दाराकडे तोंड करून उभी. धरून बसवलं तर अंग असं तापतं की हात सोडावा लागतो. मी हाका मारतो. ऐकते. थोड्या वेळाने बघू म्हणते, आत्ता जागा सोडता येत नाही.

डॉक्टर आले. छाती साफ आहे म्हणाले. म्हणत असतानाच ती खोकली आणि त्यांच्या बुटांवर पाणी. खारट. शेवाळाचा तंतू होता त्यात.

बोट बुडतेय. तिच्यासाठी आत्ता बुडतेय. आणि मी टॉवेल घेऊन उभा. माझ्या एका हिसक्याने— आणि आता हिसका द्यायला काही हातात नाही.

शनिवार, १८

पाणी गळ्यापर्यंत आलंय तिच्या. कोरड्या खोलीत मान वर करून श्वास घेते.

एकच वाट. तिची जागा कुणीतरी घ्यायची. कप्तान म्हणाले, मी बाप आहे, मी म्हणतो. तिच्यासमोर उभे राहिले. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा. नाही. आत्यांनी त्यांना मिठी मारली. त्या माणसाला मी काही म्हणणार नाही. भीती अशीच असते.

तिचे ओठ निळे.

मी विचार केला नाही. कधी करतो? म्हटलं, सरक, मी घेतलं.

ती वळली. पहिल्यांदा त्या दारावरून नजर काढली. माझ्याकडे बघितलं, कळलं तिला— आणि नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाय गेले तिचे. केस कोरडे. हात गार. आत्यांच्या मांडीवर झोपली.

माझे तळवे—

रविवार, १९

लिहायला पेन नीट धरता येत नाही. फोड.

ती अजून झोपली आहे. आत्यांनी चहा दिला. अर्धे म्हणाल्या नाहीत. नावाने हाक मारली आणि रडल्या. कप्तान म्हणाले की जावई म्हणून—

मला इथे उभं राहता येत नाही. ती राहिली दोन दिवस, मला जमत नाही. पाय आपोआप खाली जातात. जाऊ दे. पाणी वर घरात आणण्यापेक्षा मी खाली.

दवाखान्यात आहे. खुर्चीत बसून लिहितोय. लोखंडी दार उघडलं. त्यामागे घराचा जिना नाही. खाली जाणारी शिडी आहे. तळाशी लाल उजेड. उकाडा. खाली कुणी नाही, ते सगळे सुटले. एकटाच असेन.

वही खुर्चीवर ठेवतोय. कप्तानकाका, एवढंच ऐका. दांडा आहे तिथे राहू द्या. तेल घालू नका, ठोकू नका. ती रडेल, तुमच्या पाया पडेल, म्हणेल त्याला तरी झालं म्हणा. नाही म्हणायचं. 'काम संपले' कधीही नाही. तो हुकूम आला तर मी वर येईन. तिच्या मागे उभा राहीन, ओला, टोपी हातात घेऊन, दुसरं काही मला करताच येणार नाही. आणि ती वळेल. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हणेलच ती, थांब, मी घे—

घंटा.

निघालो. हे नाही सोडणार अर्ध्यात. दार ओढून घेतो आता, खिट्ट्या माझ्या बाजूने