काळ्या कोटाच्या अस्तरातलं घड्याळ

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (तूर्त एकाच हाताचा, दुसऱ्या हातात काय आहे ते पुढे येतंच आहे).

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप झालं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तीन आठवडे वाचायला बंदी केली आहे म्हणे, ती अगदी काटेकोर पाळा. इकडे सगळं ठीक. माझी कंबर अधूनमधून कुरकुरते, पण मरू दे ती कंबर. मामा, घड्याळ सापडलं! तेच हो! मामींच्या मास्तर वडिलांनी लग्नात तुम्हाला दिलेलं, सोन्याचं, साखळीवालं, जे एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही प्रवासात हरवलंत आणि जे हरवलं नसून तुम्ही पत्त्यांत घालवलंत असं मामी आजतागायत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत आल्या आहेत. (मला स्वतःला आठ वेळा. नवव्यांदा पत्त्यांच्या जागी घोड्यांची शर्यत आली होती.)

तर झालं असं. तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा मामींनी कपाट आवरायला काढलं आणि तुमचा तो काळा कोट मला पाठवून दिला. होय, तोच, ज्याला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. अंगात घातला तर चालताना डाव्या मांडीवर काहीतरी टकटक आपटायचं. मी घाबरलो, म्हटलं हाड सैल झालं. बायको म्हणाली, "हाड नाही, अक्कल," आणि तिने अस्तराचे चार टाके उसवले. घड्याळ बाहेर! मी तर खोलीभर नाचलो. तुमच्यावरचा डाग पुसला जाणार, शिवाय तुमच्या सासऱ्यांनी दिलेलं अस्सल सोनं घरात परत येणार! त्या भरात मी ते टूथपेस्टने अर्धा तास घासलं. (जुनं घड्याळ असं घासायचं नसतं, हे मला नंतर तीन माणसांनी तीन प्रकारे ओरडून सांगितलं.)

किंमत काढायला आधी सोनाराकडे गेलो. घड्याळ बघताच त्याने माझ्यासाठी चहा सांगितला, कसोटीच्या दगडावर रेघ ओढली आणि चहा नको म्हणून सांगितलं. आत पितळ, वर नुसता मुलामा, आणि बिजागरीपाशी तोही मी घासून काढलेला. माझं तोंड खर्रकन उतरलं. पण लगेच उजेड पडला, की मग हे ते घड्याळ नव्हेच! मामींच्या वडिलांचं तर शुद्ध सोन्याचं होतं, सगळ्या घराण्याला माहीत आहे.

म्हणून ओळख पटवायला आपल्या जुन्या घरामागच्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. दुकान कपाटाएवढं, त्यात ते, एक स्टूल आणि दोनशे घड्याळं, एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागले. मामा, तुम्हाला माहीत आहे का, घड्याळ दुरुस्त केलं की हे लोक झाकणाच्या आत सुईने तारीख आणि आपली खूण ओरखडून ठेवतात! आत तशा तीन खुणा होत्या, तिन्ही त्यांच्याच हातच्या. पहिल्या दोन खुणांच्या वेळी एक कडक मास्तर काम होईपर्यंत स्टुलावरून हलले नव्हते. म्हणजे मामींचे वडीलच! त्यांनी स्वतःच सांगितलं होतं म्हणे, "सोन्याचं घ्यायची ऐपत नाही, पण जावयाला द्यायचंय. मुलीला कळू देऊ नका."

आणि तिसरी खूण? लग्नानंतर सहा महिन्यांची. काळ्या कोटातला एक उंच तरुण आला होता. बायकोला शिवणाचं मशीन घ्यायला घड्याळ विकायचं आहे, किती येतील, म्हणून विचारायला. घड्याळजींनी ते उघडून साफ केलं, खूण केली आणि खरं ते सांगितलं. तो पाणी प्यायला आणि मग त्याने सुईदोरा मागितला. दुकानात पांढराच दोरा होता.

मामा! हरवलं काय, घालवलं काय! अहो, सासऱ्यांची लाज राखायला तुम्ही जुगारी ठरलात, आणि वर दोन वर्षं रविवारीसुद्धा कामावर जाऊन ते मशीन घेऊन दिलंत! मी त्या स्टुलावर बसून रडलो, खोटं कशाला सांगू. घड्याळजींनी घड्याळं पुसायचं फडकं दिलं.

आता हे आपल्या दोघांतच राहू दे. मामींना यातलं अक्षरही कळू देऊ नका, आणि हे पत्र वाचून झाल्याबरोबर फाडून टाका.

तुमचा (आजवर तुम्हाला पत्तेबाज समजणारा) भाचा

ता. क. पाकिटावर पत्ता लिहीत होतो तेवढ्यात बायकोने विचारलं, "मामांना वाचायला बंदी आहे ना? मग हे त्यांना वाचून दाखवणार कोण?"

ता. क. २. मी पत्र फाडायला निघालो होतो. बायकोने हात धरला. म्हणाली, "जाऊ दे तसंच. एकतीस वर्षं ऐकून घेतलंय त्या माणसाने."

ता. क. ३. मामी, साष्टांग नमस्कार. दोन्ही हातांचा. तुम्ही मोठ्याने वाचायचं कुठे थांबवलंत कोण जाणे, मामा "पुढे वाच की" म्हणत असतील. घड्याळ चालतंय, दिवसाला पाच मिनिटं मागे पडतं. कोटासकट पाठवतो आहे, फक्त पार्सल कुणाच्या नावाने करू ते कळवा. अस्तराचे बाकीचे टाके तसेच ठेवलेत. काळ्या कापडावर पांढरा दोरा, आणि वाकडे तर इतके आहेत की तुम्ही एरवी एका झटक्यात उसवून टाकले असते.