मोहनरावांचं मनगट

बारामती

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

मी बरा आहे, डबा वेळेवर खातो. तू गुडघ्याला तेल लावतेस ना? फोन आबांच्या खिशात असतो, म्हणून ही चिठ्ठी भाजीच्या टेम्पोतून पाठवतोय. एकटीच वाच.

इथं कालव्याकाठच्या रस्त्यावर चालणारे आणि सायकलवाले एकत्रच असतात. काल सकाळी समोरून आसावरी येताना दिसली, म्हणून मी सायकल जरा जोरात मारली. कडेच्या मारुतीला हात जोडून एक गृहस्थ, देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून, मागं मागं सरकत थेट माझ्यापुढं आले. घंटी वाजवायचंही सुचलं नाही. ते पडले, मनगट मोडलं.

वर मीच ओरडलो, "म्हातारबा, रस्ता काय बापाचा हाय?"

"न्हाय बाळा," ते म्हणाले, "पण तुझ्या बापाचा बी न्हाय."

तेवढ्यात आसावरी "अण्णा!" म्हणत धावली. आई, ते तिचे वडील, मोहनराव. रविवारी आबा ज्यांच्याकडं माझ्या लग्नाची बोलणी करायला येणार, तेच.

दवाखान्यात ती एवढंच म्हणाली, "हात बरा होईल रे. तू बोललास त्याचं काय करू?"

कॉलेज सोडलं तेव्हा तू माझी बाजू घेतलीस. या वेळी घेऊ नकोस.

आज संध्याकाळी मी पायीच त्यांच्या घरी जातोय. आत घेतलं, तर आबांना फोन करीन. फोन नाही आला, तर रविवारी त्यांना निघू देऊ नकोस. कारण काहीही सांग.

तुझा,
विश्वजीत