अर्धं घमेलं व्हाइट सिमेंट

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
संडास पुन्हा तुंबला. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं वर येतंय. ही म्हणाली, आता तरी प्लंबरला बोलवा. मी म्हणालो, आधी मूळ कारण शोधलं पाहिजे.
मूळ कारण मला माहीत आहे. पण ही डायरी आहे, कोर्ट नव्हे.

७.४०
बरं, लिहून टाकतो, म्हणजे मन हलकं होईल. जानेवारीत बाथरूमच्या टाइल्सचे जॉइंट मी स्वतः भरले. व्हिडिओ बघून. मिस्त्रीने दोन दिवस खाल्ले असते, मी एका सुट्टीत उरकलं. अर्धं घमेलं व्हाइट सिमेंट उरलं. ते पातळ करून जाळीत ओतलं. वर दोन बादल्या कढत पाणी. विरघळेल असा अंदाज होता. लॉजिक बरोबर होतं, सिमेंटने साथ दिली नाही.
मन हलकं झालं नाही.

४ मार्च, बुधवार
जाळीत हिला कापसाचा बोळा सापडला. माझे वडील, म्हणजे अण्णा, कवळी पुसायला कापूस वापरतात. ही म्हणाली, हेच कारण असणार. मी म्हणालो, असेल.
एवढंच. ‘असेल’ हा काही आरोप होत नाही. उलट पुढे म्हणालो, वय झालंय त्यांचं, सांभाळून घ्यायला हवं. म्हणजे अण्णांची बाजूच घेतली.
अण्णा शेजारच्या खोलीत होते. पण त्यांना ऐकू कमी येतं.

५ मार्च, गुरुवार
अण्णांना ऐकू येतं.
सकाळी सातला काठी घेऊन निघाले. विचारलं तर म्हणाले, वाचनालयात. ते दहाला उघडतं. म्हणाले, वॉचमन ओळखीचा आहे, तिथला संडास वापरू देतो, उगाच तुमच्या लाइनवर ताण नको.
‘तुमच्या’ म्हणाले. घर त्यांनी बांधलंय.
फार वाईट वाटलं. संकल्प: आज संध्याकाळी चहाच्या वेळी सगळं सांगून टाकायचं. आडपडदा नाही.
संध्याकाळी: हिचं डोकं दुखत होतं. अशा वेळी घरात विषय काढू नयेत.

६ मार्च, शुक्रवार
अण्णांनी अर्धा कपच चहा घेतला. पाणीही घोटभर. पुन्हा पुन्हा जावं लागू नये म्हणून. एकोणऐंशीव्या वर्षी. मला घास गिळवेना. तरी दोन पोळ्या खाल्ल्या, अन्न टाकू नये.

७ मार्च, शनिवार
ताईचा फोन. अण्णांनी तिला विचारलंय, तुझ्याकडे राहायला येऊ का? इथे माझ्यामुळे सगळ्यांची अडचण होते. पुढच्या रविवारी ती न्यायला येणार. मला विचारत होती, तुम्ही त्यांना काय बोललात? मी म्हणालो, कुणी काही बोललं नाही. शब्दशः बघितलं तर खरं आहे.
दुपारी जबरदस्त प्लॅन सुचला. सगळी लाइनच बदलायची! जुना पाइप गेला की सिमेंट गेलं, कापसाचा विषय गेला, अण्णा राहिले. कुणाला काही सांगायची गरजच नाही. असं काही सुचलं की स्वतःचं कौतुक वाटतं.

९ मार्च, सोमवार
प्लंबर आला नाही, आली. पन्नाशीची बाई, पायांत गमबूट. मी सांगितलं, घरापासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत सगळा बिडाचा पाइप काढा, पीव्हीसी टाका, तपासत बसू नका. ती म्हणाली, न बघता बदला म्हणणारं तुमचं पहिलंच घर. आधी आत कॅमेरा घालते. मी म्हणालो, प्रायव्हसी असते. म्हणाली, पाइपाला?
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

१० मार्च, मंगळवार
कॅमेऱ्याचा कार्यक्रम. प्लंबरबाईंनी स्क्रीन अण्णांना आणि हिला दिसेल अशी धरली. पाइप चाळीस वर्षांचा, आतून गंजाचे पोपडे, एका सांध्यातून झाडाची मुळं शिरलेली. बदलायलाच झाला होता. मी म्हणालो, बघा, मी म्हणत नव्हतो?
मग बाथरूमखालचं पाइपाचं वळण आलं आणि समोर पांढरं. कॅमेरा पुढे जाईना. ही म्हणाली, अगं बाई, एवढा कापूस! अण्णांनी मान खाली घातली. प्लंबरबाईंनी माझ्याकडे बघितलं. खाई त्याला खवखवे.
मी त्यांच्यासाठी पाणी आणायला गेलो. वीस मिनिटं लागली.

१२ मार्च, गुरुवार
खोदकाम. पाइपाचा कापलेला तुकडा प्लंबरबाईंनी पायरीवर ठेवला, हातोडीने ठोकून दाखवला. हा कापूस नाही, व्हाइट सिमेंट आहे. कुणी ओतलं?
मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, मीच असेन. अंगणातल्या कट्ट्याची चीर बुजवायला कालवलं होतं, उरलेलं ओतलं असेल, आठवत नाही आता. ही म्हणाली, अहो अण्णा, सांगायचं तरी!
मी तोंड मिटलं.
अण्णांनी जन्मात कधी खिळा ठोकलेला नाही. कट्ट्याची चीर अजून तशीच आहे.

१४ मार्च, शनिवार
लाइन नवी. उतार लेव्हल लावून तपासला. पाणी सुसाट जातं. निघताना प्लंबरबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, पुढच्या वेळी उरलेला माल कागदावर वाळवा आणि कचऱ्यात टाका. मी म्हणालो, अण्णांना सांगतो. त्यांनी गमबूट झटकले आणि निघाल्या. विचित्र बाई.
लाज वाटतेय. उद्या ताई यायच्या आत अण्णांना सांगणार. चार मुद्दे कागदावर काढलेत. तिसरा मुद्दा माफीचा.

१५ मार्च, रविवार
ताई लवकर आली. मुद्दे खिशातच राहिले. अण्णांची एकच बॅग. मी म्हणालो, आता लाइन नवी झाली, जाता कशाला? म्हणाले, बघू. गाडीचं दार धरून माझ्याकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. मी विचारलं, गोळ्या घेतल्यात ना?

१८ मार्च, बुधवार
फोनवर सांगितलं. सगळं. जॉइंट, घमेलं, कढत पाणी, ‘असेल’. सांगताना रडू आलं. चौथा मुद्दा राहून गेला.
अण्णा म्हणाले, माहीत आहे रे. त्या दिवशी घमेलं मीच घासून ठेवलं होतं. तू सांगशील म्हणून रविवारपर्यंत थांबलो होतो.
मी म्हणालो, मग शनिवारी न्यायला येतो. म्हणाले, नको. इथे सकाळी उठून कुठे जावं लागत नाही.
फोन ठेवला. हिने विचारलं, काय म्हणाले अण्णा?
मी म्हणालो, मजेत आहेत.